आशा आणि अंदाज

"फादर, हे अजून किती दिवस चालायचे?" रुग्णाच्या उशाशी बसलेले, काम सुटलेले अनेकजण आम्हांला विचारतात. उत्तर आमच्यापाशी नसते. मुदत ठाऊक असलेले दुःख माणूस रेटतो. बेमुदत दुःख त्याला आतून पोखरते.

अशा वेळी आपल्या सोलापूर जिल्ह्याने सोसलेला १९७२ चा दुष्काळ आठवावा. आधीची वर्षेही तुटीचीच गेली होती. पुढच्या वर्षी पाऊस येईल, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हते. तरीही माणसे दुष्काळी कामांवर गेली. त्यांनी खडी फोडली, बांध घातले, पाझर तलाव खोदले. आकाशात ढग नसताना पाणी अडवण्यासाठी माती वाहणे, याला आम्ही आशा म्हणतो.

संत थॉमस अक्वायनस यांच्या मते आशेचा विषय म्हणजे कठीण, परंतु शक्य असे भावी हित. निराशा त्यातले 'शक्य' नाकारते. फाजील भरवसा 'कठीण' विसरतो. 'महिन्याभरात सारे ठीक होईल' हा केवळ अंदाज होय. महिना उलटला की तो कोसळतो आणि माणसालाही खाली ओढतो.

मात्र रिकाम्या पोटी कोणी बांध घालू शकले नसते. मजुरी मिळाली, सुकडी मिळाली, म्हणून माणसे तगली. पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीला कायद्याचे रूप आले. आशा धरणाऱ्याला इतरांचा आधार लागतोच. म्हणून 'किती दिवस?' असे विचारणाऱ्याला आपण खोटी तारीख देऊ नये. त्याच्या डोक्यावरची एखादी पाटी उचलावी.