धाकलीची ओवी

अमेरिकेतल्या विद्यापीठांना मे महिन्यात सुट्टी लागते आणि ऑगस्ट सरता सरता वर्ग पुन्हा भरू लागतात. मधल्या सुट्टीत काही विद्यार्थी मराठी शिकायला पुण्यात येतात. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था १९६१ साली स्थापन झाली. ज्या गावात जी भाषा नांदते तिथे जाऊन ती शिकावी, या विचारानं तिचे उन्हाळी वर्ग चालतात, आणि मराठीचा वर्ग पुण्यात असतो. त्यांच्या लेखी तो उन्हाळा. आपल्याकडे तेव्हा मृग लागलेला असतो, पालख्यांची तयारी चाललेली असते आणि छत्री विसरली तर वर्गापर्यंत कोरडं पोचता येत नाही.

अशाच एका पावसाळ्यात मिनेसोटाचा एक मुलगा पुण्यात आला. मिनेसोटातल्याच कार्लटन कॉलेजात एलिनॉर झेलियट शिकवत असत. आंबेडकरी चळवळीच्या अभ्यासाला त्यांनी आयुष्य दिलं. त्यांचं पुस्तक वाचून हा मुलगा मराठीकडे वळला होता. मॅक्सीन बर्नसन अमेरिकेतून येऊन फलटणला स्थायिक झाल्या. त्यांनी आणि जाई निंबकरांनी लिहिलेलं १९७५ सालचं मराठीचं व्याकरण त्यानं कोळून प्यायलं होतं. कर्मणी प्रयोगात तो चुकत नसे. वर्गात त्याचा पहिला नंबर कोणी हिरावून घेऊ शकलं नाही.

रस्त्यावर मात्र त्याची मराठी कोणी घेत नसे. रिक्षावाल्याला तो शुद्ध मराठीत पत्ता सांगे आणि उत्तर हिंदीत येई. दुकानदार इंग्रजीत बोले. यात त्या मुलाचं काही उणं नव्हतं. परक्या चेहऱ्याच्या माणसाच्या तोंडून मराठी आली तर ती ऐकायची सवयच आपण लावून घेतलेली नाही, आणि हे बरं नाही. आपली भाषा शिकायला कोणी समुद्र ओलांडून येतो, त्याच्याशी निदान ती बोलावी तरी.

वर्गातल्या बाईंनी प्रत्येकाला सुट्टीपुरता एक विषय दिला होता. या मुलानं जात्यावरच्या ओव्या घेतल्या. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे, पण भारताचे नागरिक झालेले गी पॉइतवाँ या दोघांनी ऐंशीच्या दशकात पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागातून सुरुवात करून गावोगावच्या बायकांकडून ओव्या गोळा केल्या. पुढे हा संग्रह एक लाखाच्या वर गेला. 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहालयानं तो आता सर्वांना खुला केला आहे, आणि तिथं ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचं नाव आणि तिचं गाव दिलेलं असतं.

मुलानं त्यातल्या पुष्कळ ओव्या वहीत उतरवल्या. फार देखणी वही होती ती. पानावर रकाने आखलेले: ओवी, क्रियापद, काळ, विभक्ती, विषय. सीतेचा वनवास वेगळा, माहेर वेगळं, भाऊ वेगळा, विठ्ठल वेगळा. बाईंनी वही तपासली, अक्षराचं कौतुक केलं आणि समासात एकच शब्द लिहिला, 'कोणाची?' दुसऱ्या दिवशी मुलानं त्याखाली उत्तर लिहिलं, 'लोकगीत. कवी अज्ञात.' बाई त्यावर रागावल्या नाहीत. 'एकदा गावाला जाऊन ये,' एवढंच म्हणाल्या.

तो कोथरूडला ज्या काकूंकडे राहत होता, त्यांच्याकडे घरकामाला येणाऱ्या मावशींचं माहेर मुळशी तालुक्यात, धरणाच्या वरच्या अंगाला. जुलैत भाताची लावणी सुरू झाली की मावशी रजा घेऊन माहेरी जात. भावाला हात कमी पडतात, आणि लेकीनं आवणात उतरायचं हे त्या घरात ठरलेलंच. त्यांची आई ओव्या म्हणते हे कळल्यावर मुलगा म्हणाला, 'मावशी, मी येऊ?' काकूंना काळजी वाटली, तरी त्यांनी त्याला रेनकोट, औषधं आणि चिवड्याचा डबा देऊन एसटीत बसवलं.

पहिल्या दिवशी सगळं नीट झालं, आणि म्हणूनच काही झालं नाही. म्हातारीनं पेटीतलं लुगडं काढून नेसलं. ओटीवर सतरंजी घातली. फोन पुढ्यात ठेवून मुलानं रेकॉर्डिंग सुरू केलं. वाडीतली पाचपंचवीस माणसं जमली, त्यांत पुरुषच अधिक, आणि म्हातारीचा दीरही समोर बसला. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, रामाच्या आणि विठ्ठलाच्या चार ओव्या सपाट आवाजात म्हटल्या आणि हात जोडले.

'अजून, आजी?' मुलानं विचारलं.

'आता न्हाई आठवत, बाबा.'

मावशी त्याच्या कानाशी येऊन म्हणाल्या, 'जात्यावर बसल्याबिगर तिला येत न्हाय. आन् एवढी बाप्यामाणसं फुड्यात असल्यावर तर न्हाईच.'

मुलानं चार ओव्या वहीत उतरवल्या, रकाने भरले आणि उद्या दुपारच्या एसटीनं परतायचं ठरवलं. रात्री पाऊस असा कोसळला की सकाळी ओढ्यावरचा पूल पाण्याखाली होता. एसटी आली नाही. वीज गेली होती. संध्याकाळपर्यंत फोनही बंद पडला.

घरातले सगळे आवणात निघाले, आणि एकट्यानं ओटीवर बसून राहणं त्याला बरं दिसेना. तोही उतरला. चिखल पोटरीपर्यंत. मावशी आणि वहिनी तरव्याच्या मुठी हातात घेऊन मागे मागे सरकत लावत जात होत्या. हा तासाभरात कंबर धरून उभा राहिला. मावशींच्या भावानं हसू आवरलं आणि त्याला मुठी वाहून आणायचं काम दिलं. ते त्याला जमलं. दुपारी बांधावर भाकरी, चटणी आणि कांदा खाताना वहिनी त्याच्याशी पहिल्यांदा बोलल्या. भराभरा, त्यांच्या नेहमीच्या बोलण्यात. त्याला निम्मं कळलं नाही, पण कोणी हिंदीवर गेलं नाही.

पाऊस हटेना. वीज येईना. पलीकडच्या गावातली गिरणी बंद आणि घरातलं नाचणीचं पीठ संपलेलं. शेवटी म्हातारी म्हणाली, 'जातं काढा.'

जातं पडवीच्या कोपऱ्यात होतं, वर मिठाची बरणी. भावानं ते पुसलं, धुतलं, खुंट्याला चिंधी गुंडाळून तो ठोकून बसवला. कित्येक वर्षांत टाकी लावलेली नव्हती, म्हणून दगड बोथट झालेला. 'भरड का हुईना, भाकरी हुईल,' म्हातारी म्हणाली.

पहाटे दळायला बसायचं ठरलं, पण रात्रीतून मावशींना ताप भरला. वहिनी गोठ्यात होत्या. म्हातारी एकटीच जात्यापुढं बसली, आणि खांद्याच्या दुखण्यानं तिला पहिला फेराही पुरा करता आला नाही. मुलगा अंथरुणातून उठला आणि समोर जाऊन बसला.

भाऊ ओशाळला. 'अहो, पाहुणे तुम्ही. आन् हे बायकांचं काम.'

'बसू दे त्याला,' म्हातारी म्हणाली. 'तू जा, म्हस पिळ.'

मुलाच्या दंडात बळ होतं. त्यानं खुंटा धरला आणि जातं गरगर फिरवलं. म्हातारीनं त्याच्या मनगटावर हात ठेवला. 'पळवू नगं. दाणा नुसता फुटतोय. त्याला आत जायला वेळ दे.' ती डाव्या हातानं मूठमूठ नाचणी वैरत होती. तिच्या वैरण्याचा आणि फेऱ्याचा मेळ बसेपर्यंत त्याच्या तळहाताला फोड आला होता. मग दगडाचा आवाज बदलला, घरघर एकसारखी झाली, आणि म्हातारी गाऊ लागली.

ओटीवर ऐकलेला आवाज हा नव्हेच. आधी देवाच्या झाल्या. मग सीता आली, रानात एकटीच बाळंत होणारी. मग भाऊ, मग आईवाचून ओसाड झालेलं माहेर. सासूचं बोलणं आलं, नवऱ्याचा हात उठलेला आला. अंधारात, घरात कोणी पुरुष नसताना बायकांनी एकमेकींना सांगायच्या गोष्टी त्या. समोर बसलेला पुरुषच आहे हे म्हातारी विसरली असेल असं मला वाटत नाही. जो तिच्या भाकरीसाठी दळतो आहे त्याच्यापासून लपवायचं काही नाही, असं तिला वाटलं असावं.

समोरच्यानं ओवी झेलायची असते. मुलाला ते कोणी सांगितलं नाही. दुसऱ्यांदा ओळ आली तेव्हा ती त्याच्या तोंडून आपोआप निघाली. म्हातारीनं मान हलवली आणि पुढची घेतली. वही उशाला होती, फोन बंद. लिहून घेण्याचा विचार त्याच्या मनात आलाही, पण उजवा हात खुंट्यावर होता आणि तो सोडला असता तर जातं थांबलं असतं.

एका ओवीनंतर म्हातारीनंच जातं थांबवलं.

'ही माझी न्हवं,' ती म्हणाली. 'ही धाकलीची. माझी धाकली जाऊ. तू बसलास तिथंच बसायची. म्या दुसऱ्या कुणाला ही माझी म्हून सांगितली न्हाई कधी.'

'आजी, तिचं नाव काय होतं?'

म्हातारी गप्प झाली. साऱ्या वाडीनं त्या बाईला जन्मभर धाकली म्हटलं होतं. सासरी आल्यावर ठेवलेलं नाव तिला आठवलं, ते तिनं सांगितलं. मग बराच वेळ जात्यावर हात ठेवून बसली आणि माहेरचं नावही सांगितलं. माहेरचं गावही. 'दोन्ही लिव्ह,' ती म्हणाली. 'गेली तवा तिच्या नावाचं घरात काय ऱ्हायलं न्हाई. पोर न्हवतं तिला.'

उजाडल्यावर मुलानं वही उघडली आणि रकाने सोडून, पानाच्या माथ्यावर, आधी ती दोन नावं लिहिली.

भाकरी थापता थापता म्हातारीनं त्याला विचारलं, 'तुझी आजी काय म्हंती रं?' त्याला उत्तर देता आलं नाही. आपली आजी काही गाते का, हे त्याला ठाऊकच नव्हतं. आवणात तो पुढचे दोन दिवसही उतरला. निघताना 'आजी, तुम्ही या' असं न म्हणता 'आजी, तू ये पुण्याला' असं म्हणाला, आणि म्हातारीनं त्याच्या गालावरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली.

पुण्यात पोचून फोन चार्ज झाल्यावर त्यानं पहिल्यांदा घरी आजीला फोन लावला. तिची आई नॉर्वेहून मिनेसोटात आली होती. आजीनं आधी हसून टाळलं, मग फोनवरच आईचं एक अंगाईगीत म्हटलं. नातवानं वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत ते ऐकलं नव्हतं, कारण त्यानं कधी विचारलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये सगळ्यांनी आपापला विषय वर्गापुढं मांडला. इतरांनी पडद्यावर चित्रं दाखवली, ध्वनिमुद्रणं ऐकवली. त्याच्याकडे ऐकवण्यासारख्या त्या ओटीवरच्या चारच ओव्या होत्या, त्या त्यानं ऐकवल्या. मग उभं राहून, जात्याच्या संथ लयीत, बाकीच्या स्वतःच म्हटल्या. आठवल्या तेवढ्याच. प्रत्येकीच्या आधी नाव घेतलं आणि गाव. धाकलीच्या ओवीआधी दोन नावं घेतली. व्याकरणाविषयी तो थोडंसंच बोलला आणि तेही चांगलं बोलला.

'रेकॉर्डिंग नाही?' एका सहाध्यायिनीनं विचारलं.

'नाही. मी दळत होतो.'

बाईंनी वही परत मागून घेतली. संग्रहातून उतरवलेल्या प्रत्येक ओवीपुढं त्यानं एक नवा रकाना आखला होता आणि पुन्हा संग्रहात शोधून त्या त्या बाईचं नाव आणि गाव भरलं होतं. समासातला बाईंचा प्रश्न तसाच होता. खाली लिहिलेलं स्वतःचं उत्तर त्यानं खोडलं होतं.

गिरणी आल्यावर वाढलेल्या मुलींच्या हाताला जातं लागलं नाही आणि कानाला या ओव्याही कमीच लागल्या. ज्यांना त्या येतात त्या बायका आज आजी-पणजीच्या वयाच्या आहेत. मुळशी-मावळात आहेत, मराठवाड्यात आहेत, आणि गाव सोडून आलेल्या शहरातल्या कुटुंबांतही आहेत. तुमच्या घरी अशी कोणी असेल तर यंदा गावी गेल्यावर तिच्याजवळ बसा. ती निवडत असेल तर निवडू लागा, सोलत असेल तर सोलू लागा. ती गायली तर लिहून घ्या, आणि लिहिताना आधी तिचं माहेरचं नाव लिहा, सासरचं लिहा, गाव लिहा. ओवी त्याखाली.