पाचवं कारण

खंडेनवमीला डोंबिवली एमआयडीसीत यंत्रं पुसून त्यांना झेंडूच्या माळा घालतात. क्रेनच्या हुकलाही हार चढतो, कुंकू लागतं. मागणं एकच असतं, कुणी ते मोठ्यानं बोलो न बोलो: कुणाला इजा होऊ नये.

हे मागणं नेमकं कुणाकडे करायचं, हा प्रश्न ठाणे जिल्ह्याला 2023 साली फार क्रूरपणे पडला. 31 जुलैची रात्र उलटून 1 ऑगस्ट उजाडायच्या आत शहापूरजवळ सरळांबे इथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारी अजस्र यंत्रणा कोसळली. 20 जण गेले. पुढे 10 सप्टेंबरला ठाण्यात बाळकुमला 40 मजली इमारतीच्या बांधकामाची लिफ्ट खाली आली. 7 मजूर दगावले. अशा वेळी सांत्वनाला आलेली माणसं म्हणतात, त्यांची वेळच भरली होती. शोक करणाऱ्या घरात या वाक्याचा आधार असतो, तो काढून घेऊ नये. पण तेच वाक्य साइटच्या ऑफिसात उच्चारलं गेलं की ती पळवाट होते.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. दैव नाकारलेलं नाही, पण त्याचा नंबर पाचवा आहे. तिथे अधिष्ठान म्हणजे देह. तरी क्रेनजवळ उभं राहून ही यादी वाचली की ती फार जवळची वाटते. अधिष्ठान म्हणजे आउटरिगरखालची, क्रेनला तोलणाऱ्या बाजूच्या पायांखालची जमीन. पावसाळ्यात भरावाची माती दबते, म्हणून पायांखाली रुंद प्लेटा लागतात. कर्ता म्हणजे ऑपरेटर आणि सिग्नलमन. चेष्टा म्हणजे उचलणं, फिरवणं, झटका देणं.

आणि करण म्हणजे वायर रोप, स्लिंग, शॅकल, हुक. इथे मात्र थांबावं लागतं. रोपमधल्या तुटक्या तारा मोजायच्या, व्यास कमी झालाय का ते कॅलिपरनं पाहायचं, गंज आणि सुटलेला पीळ शोधायचा. हुकचं तोंड फाकलंय का, लॅच नीट मिटते का, हे तपासायचं. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 29 नं अशा साधनांची सक्षम व्यक्तीकडून निदान 12 महिन्यांतून एकदा कसून तपासणी सक्तीची केली. रुळावर कुणी काम करत असेल तर फिरती क्रेन त्याच्यापासून 6 मीटरच्या आत येऊ नये, हेही त्यातच होतं.

शंकराचार्यांनी या श्लोकातल्या ‘दैव’चा अर्थ लावला तो इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या देवता असा, डोळ्यामागे आदित्य. म्हणजे दैव कपाळावर लिहिलेलं नाही, ते बघणाऱ्याच्या नजरेत आहे. बॅटरीच्या उजेडात ड्रमवरचा रोप निरखणारा माणूस त्या अर्थानं देवकार्यच करत असतो.

प्रारब्धाचा प्रश्न तरी उरतोच. भाराखाली उभा असलेला मजूर परराज्यातून आलेला असतो. रोप कुणी तपासला, कुणी न बघताच सही ठोकली, हे त्याला ठाऊक नसतं. न तपासणाऱ्याचं कर्म आणि भोगणाऱ्याचं आयुष्य यांची गाठ कुठे पडली? ‘ज्याचं त्याचं कर्म’ हा हिशेब इथे जुळत नाही. एकानं टाळलेलं काम दुसऱ्याचं दैव होतं.

क्रेनवर इशारा एकट्या सिग्नलमनचाच मानायचा असतो. अपवाद ‘थांबा’चा. तो हात झाडूवाल्यानं वर केला तरी ऑपरेटरनं थांबायचं.