मागील बाकी

आमच्या शाळेच्या दाराशी एक फळा आहे. त्यावर रोज सकाळी एक सुविचार लिहावयाचा, असा जुना रिवाज आहे. सुविचार थोडे आणि वर्षाचे दिवस फार. त्यामुळे तेच ते फिरून येतात. त्यांत वर्षातून सहा वेळा तरी हजेरी लावणारा एक सुविचार म्हणजे, 'अपयश ही यशाची पहिली पायरी आहे'. वर्षानुवर्षे तो मी वाचत आलो, लिहीत आलो, आणि प्रसंग पडला की औषधाच्या पुडीसारखा वाटतही आलो.

अशीच एक पुडी मी एका मुलाला दिली. तो शालान्त परीक्षेत गणितात नापास झाला होता. निकालाच्या दिवशी व्हरांड्याच्या खांबाला टेकून तो एकटाच उभा होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्या ठेवणीतल्या आवाजात ते वाक्य म्हणून टाकले. त्याने मान वर केली आणि विचारले, ''मग दुसरी कोणती, सर?''

प्रश्नात उर्मटपणाचा लवलेश नव्हता. त्याला खरोखरच दुसरी पायरी हवी होती. मला उत्तर सुचले नाही. ''होईल, होईल, पुढच्या वेळी होईल,'' असे काहीतरी पुटपुटून मी शिक्षकांच्या खोलीत शिरलो. चहा आला, तो मी प्यालो. पण तो नेहमीसारखा लागला नाही.

त्यानंतर बरेच दिवस मी अपयशाच्या गोष्टी गोळा करीत होतो. माणसाला जडलेल्या खोडींपैकी ही एक निरुपद्रवी खोड. त्या नादात मला एका परमुलखातल्या खेळाडूंच्या संघाची गोष्ट सापडली. दिवाळीच्या फराळाबरोबर पराभवाची गोष्ट वाढणे शिष्टसंमत नाही, हे मला कळते. तरी ती सांगतो, कारण तिच्यात त्या मुलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. उरलेले अर्धे कोणाजवळच नसावे, अशी मला शंका आहे.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात ग्रीन बे नावाचे एक गाव आहे. १९६० च्या सुमारास त्याची वस्ती जेमतेम ६० हजारांच्या वर होती. या गावाचा एक फुटबॉलचा संघ आहे. फुटबॉल म्हटला तरी तो आपल्याकडचा, पायाने खेळावयाचा नव्हे. लंबगोल चेंडू हाती घेऊन धावायचे, तो दूरवर फेकायचा आणि डोक्यावर शिरस्त्राण घालून एकमेकांवर आदळायचे, असा तो दांडगाईचा खेळ. १९१९ साली संघ निघाला तेव्हा मांस डब्यात भरणाऱ्या एका कंपनीने खेळाडूंच्या सदऱ्यांसाठी पैसे दिले, म्हणून त्याचे नाव पॅकर्स पडले. मोठमोठ्या शहरांतले संघ धनिकांच्या मालकीचे असतात; हा संघ मात्र भागधारकांच्या मालकीचा. त्या भागांवर दिडकीचाही नफा मिळत नाही. तरी लोकांनी ते घेतले. आपल्याकडे देवळाच्या जीर्णोद्धाराला वर्गणी देतात, त्यातलाच हा प्रकार.

१९४४ पर्यंत या चिमुकल्या गावाने सहा वेळा अजिंक्यपद मिळवले होते. पुढे उतरती कळा लागली. १९४८ पासून अकरा वर्षे अशी गेली की एकाही वर्षी विजयांची संख्या पराभवांहून अधिक भरली नाही. या उतरंडीचा तळ म्हणजे १९५८ साल. बारा सामने झाले. त्यांत एक जिंकला, एक बरोबरीत सुटला आणि दहा हरले. बाल्टिमोरच्या संघाने तर त्यांना ५६ विरुद्ध शून्य असे धुळीस मिळवले. संघाच्या इतिहासात याहून वाईट वर्ष नाही.

आता गोष्टीतली मौज पाहा. १९५९ साली विन्स लोम्बार्डी नावाचा नवा गुरू आला. त्या वर्षी संघाने बारापैकी सात सामने जिंकले. १९६० साली तो अजिंक्यपदाच्या सामन्यापर्यंत पोहोचला आणि १३ विरुद्ध १७ असा थोडक्यात हरला. १९६१ च्या शेवटच्या दिवशी, आपल्याच गावात, त्याने न्यूयॉर्कच्या संघाला ३७ विरुद्ध शून्य असे हरवून अजिंक्यपद घेतले. मग १९६२, १९६५, १९६६, १९६७. सात वर्षांत पाच वेळा! आज त्या खेळातल्या सर्वश्रेष्ठ संघाला जे पारितोषिक मिळते, ते लोम्बार्डीच्याच नावाचे आहे.

एवढे वाचून मी पुस्तक मिटले असते, तर 'एका थोर पुरुषाने मातीचे सोने केले' या ठरीव बोधावर माझे समाधान झाले असते. पण मास्तरकीची सवय वाईट. हजेरीपट पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून मी दोन्ही वर्षांतल्या खेळाडूंची नावे ताडून पाहिली आणि चकित झालो. १९६१ चा तो अजिंक्य संघ ज्यांच्या जोरावर उभा होता, ते बार्ट स्टार, पॉल हॉर्नंग, जिम टेलर, फॉरेस्ट ग्रेग, रे निट्श्की, जेरी क्रेमर हे सारे जण १९५८ च्या त्या दीनवाण्या संघातही होते! पुढे या सहाही जणांची नावे त्या खेळाच्या मानकऱ्यांत कोरली गेली. म्हणजे सोने आधीच होते. माती आपण म्हणत होतो.

मग हे सोने जमवले कोणी? संघाच्या कचेरीत जॅक व्हेनिसी नावाचा एक तरुण होता. महाविद्यालयांतून खेळणारी मुले हेरायची, त्यांची टिपणे वहीत उतरवून ठेवायची आणि वर्षाअखेरच्या निवडीच्या वेळी कोणाला उचलावे ते सांगायचे, हे त्याचे काम. १९५० पासून तो ते करीत होता. बार्ट स्टारला १९५६ साली दोनशेवा म्हणून निवडले गेले; म्हणजे त्याच्याआधी एकशे नव्याण्णव मुले इतरांना अधिक बरी वाटली होती. संघ दरवर्षी हरत होता आणि व्हेनिसीच्या वह्या भरत होत्या. लोम्बार्डीला आणण्यातही त्याचा हात होता, असे सांगतात. हृदयविकाराने तो १९६० च्या नोव्हेंबरात गेला. वय अवघे तेहतीस. अजिंक्यपद त्यानंतर तेरा महिन्यांनी आले.

आणि त्या वाईट वर्षीचा गुरू? त्याचे नाव रे मॅक्लेन. सात वर्षे दुय्यम म्हणून राबल्यावर १९५८ साली त्याच्याकडे सूत्रे आली. माणूस मनाचा मोठा. खेळाडूंबरोबर तो पत्ते खेळे. शिस्त त्यांची त्यांनीच पाळावी, असा त्याचा विश्वास होता. आणि त्या विश्वासाचा त्यांनी पुरेपूर फायदा घेतला. मोसम संपताच त्याने राजीनामा दिला. १९६४ साली तो वारला. वर्गातल्या मुलांशी मैत्री करावी की त्यांना धाकात ठेवावे, हा प्रश्न मला गेली वीस वर्षे पडत आला आहे. म्हणून मॅक्लेनविषयी वाचताना मला हसू आले नाही. त्याच्या जागी आलेला लोम्बार्डी पूर्वी आठ वर्षे शाळामास्तर होता; लॅटिन आणि पदार्थविज्ञान शिकवीत असे. तो करडा होता. पण केवळ करडेपणाने यश मिळत असते, तर आमच्या लहानपणीची प्रत्येक शाळा विद्वानांनी ओसंडून गेली असती.

आता प्रश्न असा, की १९५८ या वर्षाला काय म्हणावे? आज त्या संघाचे अभिमानी त्याला 'संक्रमणाचे वर्ष' म्हणू शकतात. शब्द मोठा सोज्ज्वळ आहे. जणू रात्र सरत होती आणि पहाट व्हावयाची होती, एवढेच! पण हे नाव मागाहून पडलेले आहे, हे आपण विसरतो. बाल्टिमोरला ५६ गुण मोजून घेणाऱ्या त्या खेळाडूंपैकी एकालाही आपण संक्रमणात आहोत हे ठाऊक नव्हते. ते नुसते हरत होते. रस्ता कोठे जातो हे पोहोचल्यावर कळते. चालणाऱ्याला फक्त पायांतले काटे कळतात.

याला पुरावा हवा असेल तर त्याच वर्षीचा शिकागोचा कार्डिनल्स संघ पाहावा. १९५८ साली त्यानेही बारापैकी दोनच सामने जिंकले, नऊ हरले, एक बरोबरीत सोडवला. ग्रीन बेपेक्षा एक विजय अधिकच! पण दोन वर्षांत त्याला गाव सोडून दुसऱ्या शहरी जावे लागले. पुढे तेथूनही उठून तिसऱ्या ठिकाणी. १९४७ नंतर त्याच्या वाट्याला आजवर अजिंक्यपद आलेले नाही. दोघांचेही अपयश सारखेच; एकाचे पायरी ठरले, दुसऱ्याचे नुसताच खड्डा. तेव्हा अपयशाच्या अंगी यश देण्याचा कोणताही स्वाभाविक गुण नाही, हे कबूल केले पाहिजे. फळ्यावरचा सुविचार खोटा आहे. निदान अर्धवट तरी आहे.

मग ग्रीन बेच्या अपयशात निराळे असे काय होते? मला दोन गोष्टी दिसतात. पहिली ही, की हरत असतानाही तेथे कोणीतरी आपले काम चोख करीत होते. आज हरलो म्हणून व्हेनिसीने वही मिटली नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. लोम्बार्डी आला तेव्हा त्याने पहिले काम कोणते केले? १९५८ च्या सामन्यांच्या फिती मागवल्या आणि सहकाऱ्यांना घेऊन तो त्या पाहत बसला. एकेक चाल पुन्हा पुन्हा. कोण कोठे अडखळला, कोण भलत्याच जागी उभा केला गेला होता. कोठल्याच जागी नीट न बसलेल्या हॉर्नंगची खरी जागा त्याला या फितींत सापडली. साऱ्या गावाला जे वर्ष कधी एकदा विसरतो असे झाले होते, तेच त्याने पाठ्यपुस्तकासारखे उघडून ठेवले. आणि तरीही १९५९ चा मार्ग सरळ नव्हता. पहिले तीन सामने जिंकले, मग ओळीने पाच हरले, शेवटचे चार जिंकले. त्या पाच पराभवांत स्टारच्या हाती सूत्रे आली. चौथ्या-पाचव्या पराभवानंतर सगळ्यांनी हात टेकले असते, तर त्यांना दोष कोणी दिला असता?

म्हणजे अपयश स्वतः पायरी नसते. ते उघडून, त्याच्याकडे न लाजता पाहणे ही पायरी. मुलगा नापास झाला की आपण घरोघर काय करतो? निकाल कपाटात दडपतो, पाहुण्यांसमोर विषय टाळतो, आणि त्याला धीर देताना 'झाले गेले विसरून जा' म्हणतो. प्रेमानेच म्हणतो. पण विसरायला सांगून आपण त्याच्याजवळची एकुलती एक पुंजी काढून घेतो.

तरीही एक काटा उरतोच. व्हेनिसीचे काय? मॅक्लेनचे काय? पहिल्याने पेरले आणि पीक पाहिले नाही. दुसऱ्याला तर आपण काही पेरले असेही म्हणता येत नाही. तो प्रामाणिकपणे चुकला. यशाच्या सोहळ्यात अशांना जागा कोठे? मला वाटते, ज्यांच्या हातून यश आले त्यांनी ही जागा राखावयाची असते. ती नियतीचे देणे नव्हे, आपले देणे आहे. आज आपल्या घरात जो सुखाचा दिवा लागतो, त्याची वात वळणारे कोणी आजोबा, कोणी आत्या, कोणी कर्जात बुडालेला थोरला भाऊ यांचे सबंध आयुष्य 'संक्रमणाच्या वर्षां'तच संपलेले असते. त्यांचे जगणे आपल्या यशाने सार्थ झाले, असे म्हणणेही मला थोडे उद्धटपणाचे वाटते. आपण यशस्वी झालो नसतो, तरी त्यांचे कष्ट कष्टच होते आणि त्यांचा चांगुलपणा चांगुलपणाच होता.

त्या मुलाला मी पुढे घरी बोलावले. शाळेच्या पूर्वपरीक्षेतली त्याची गणिताची उत्तरपत्रिका मी शोधून ठेवली होती. ती पाहताच त्याने मान फिरवली. मी म्हटले, ''ही दुसरी पायरी. बस.'' आम्ही तिची पहिली ओळ वाचू लागलो. तो तिसऱ्या उदाहरणात वजाबाकीचे चिन्ह विसरला होता, सातव्यातही, आणि दहाव्यातही. ''सर, मला गणित येत नाही असं नाही. मला घाई आहे,'' तो म्हणाला. एवढे बोलून तो स्वतःच हसला.

तो पुढे पास झाला की नाही, हे वाचकांना विचारावेसे वाटेल. मी सांगणार नाही. पास झाला असे सांगितले, तर ती संध्याकाळ निकालामुळे मोलाची ठरेल. नापास झाला म्हटले, तर ती वाया गेली असे वाटेल. ती दोन्ही नव्हती. एका मुलाने आपली चूक डोळे उघडे ठेवून पाहिली, ही गोष्ट निकालाआधीच पुरी झाली होती.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आमच्या पेठेतले जुन्या वळणाचे दुकानदार नवी वही पूजतात. गंध-फूल वाहून झाले की कोऱ्या पानावर आधी 'श्री' काढतात. पण हिशेब कोरा सुरू होत नाही. जुन्या वहीतून 'मागील बाकी' पुढे ओढावीच लागते. देणे असेल तर देणे, येणे असेल तर येणे. ती ओढायला लाजणारा व्यापारी फार दिवस टिकत नाही, असे ते सांगतात. यंदा दिवे लावताना आपणही आपली बाकी एकदा नीट वाचून पाहू या. तिच्यात नुसती देणीच निघतील, असे समजण्याचे काही कारण नाही.