सिबिल दुरुस्तीची फी

पेरणीच्या तोंडावर बँकेत गेलेल्या शेतकऱ्याला ‘तुमचं सिबिल खराब आहे’ एवढेच ऐकवून परत पाठवले जाते. कोणत्या खात्यामुळे खराब, कधीपासून, हे सांगण्याची तसदी बहुधा कोणी घेत नाही. पीककर्जाला सिबिलची अट लावू नका, असे राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकांत सरकारने बँकांना वारंवार बजावले आहे. मोटारसायकल, घर किंवा मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज हवे असेल, तर मात्र सिबिलचा स्कोअर पाहिलाच जातो. कारण न सांगता दिलेल्या या नकारावरच सिबिल दुरुस्तीचा धंदा चालतो: काही हजार रुपये आगाऊ द्या, स्कोअर वाढवून देतो. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात ते पैसे म्हणजे बियाण्याचे पैसे असतात.

स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो, हे आता गावोगावी माहीत आहे. देशात तो काढणाऱ्या पत माहिती कंपन्या चार आहेत; सिबिल त्यांतली सर्वांत जुनी, आणि तिचेच नाव सगळ्यांना चिकटले. २००५ च्या कायद्याखाली त्या चालतात. महत्त्वाची गोष्ट अशी की या कंपन्या मनाने काही लिहीत नाहीत. बँक किंवा फायनान्स कंपनी जे कळवते तेच त्यांच्याकडे नोंदले जाते, आणि बँकेने मान्य केल्याशिवाय ते बदलत नाही.

म्हणून पहिला भेद चुकीची नोंद आणि खरी नोंद यांतला. फेडलेले कर्ज चालूच दिसणे, एकाच गावातल्या सारख्या नावाच्या दुसऱ्या माणसाची थकबाकी आपल्या माथी येणे, कधी न घेतलेले कर्ज दिसणे, या चुका आहेत. त्या दुरुस्त होतात आणि फुकट होतात. प्रत्येक कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो, तक्रारीला शुल्क नाही. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर २६ एप्रिल २०२४ पासून तक्रारदाराला दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम आहे. खऱ्या थकबाकीची नोंद मात्र कोणीही पुसू शकत नाही. जामीन राहिलेल्या माणसाच्या अहवालात दुसऱ्याचे थकलेले कर्ज दिसते, तेही कितीही खुपले तरी खरेच असते. चूक असेल तर पैसे लागत नाहीत, खरे असेल तर पैशाने काम होत नाही. एवढ्यावर प्रश्न मिटायला हवा.

सेवा देणारे यावर म्हणतात की फुकट हे कागदावर आहे. अहवाल इंग्रजीत, ई-मेल हवा, पॅनला जोडलेला मोबाइल नंबर कधीच बंद पडलेला. सातबारा काढायला माणूस सेवा केंद्रात पैसे देतोच, मग इथे दिले तर काय बिघडले? हा युक्तिवाद झटकून टाकण्यासारखा नाही. ज्याला अर्ज भरता येत नाही त्याला ‘सगळे फुकट आहे’ असे सांगणे म्हणजे त्याची अडचण न ऐकणे. पण युक्तिवाद कष्टाच्या मोबदल्याचा आणि आकारणी निकालाची, असा इथे फरक पडतो. अर्ज भरून देण्याचे शंभर-दोनशे रुपये ही मजुरी झाली. ‘७५० करून देतो’ म्हणून घेतलेले हजार ही हातात नसलेल्या गोष्टीची किंमत झाली. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने अशा सेवांना काम पुरे होण्याआधी पैसे घेण्यास मनाई केली. भारतात या धंद्यासाठी तसा वेगळा कायदा नाही, म्हणून सावधगिरी सगळी ग्राहकाच्याच वाट्याला येते. आगाऊ रक्कम, सोबत ओटीपी आणि कोऱ्या अर्जावर सही मागणाऱ्याला तिथेच नकार द्यावा.

थकबाकी खरी असली तरी माणूस बुडवा असतो असे नाही, आणि हिंगोलीत हे विशेष लक्षात घ्यावे लागते. वसमत, हिंगोलीच्या बाजारात येणारी हळद जूनच्या सुमारास लावली जाते. काढणी, शिजवणे, वाळवणे, पॉलिश उरकून पैसा हाती येईपर्यंत पुढचा उन्हाळा उजाडतो. पीककर्ज अनुत्पादित ठरवताना रिझर्व्ह बँकेचे नियम पिकाचा हंगाम धरतात. पण मोटारसायकलचा किंवा बचत गटाच्या कर्जाचा हप्ता महिन्याला अथवा आठवड्याला पडतो. हळद विकून सगळे हप्ते एकदम भरणाऱ्याच्या अहवालात मधले उशिराचे महिने राहतातच. नोंद खरी, पण तिच्यावरून माणसाची पत चुकीची वाचली जाते.

आणि कर्जमाफीपाशी तर तो पहिला भेदच अपुरा पडतो. राज्य सरकारच्या २०१७ च्या कर्जमाफी योजनेत दीड लाखांवरील थकबाकीदाराने वरची रक्कम भरायची आणि दीड लाख सरकारने, अशी एकरकमी परतफेड होती. सरकारच्या लेखी तो शेतकरी कर्जमुक्त झाला. पण बँकेने ते खाते ‘पूर्ण फेडले’ऐवजी ‘सेटल्ड’ म्हणून कळवले, तर पुढची फायनान्स कंपनी किंवा बँक त्याला तडजोडीचा माणूस समजते. ही नोंद खोटी म्हणता येत नाही आणि न्याय्यही म्हणता येत नाही. तक्रार केली तर बँक ‘नोंद बरोबर आहे’ असे कळवते आणि प्रकरण बंद होते, मग अर्ज शेतकऱ्याने केलेला असो की एजंटाने. इथे एकट्याने एजंट धरावा की नाही हा प्रश्नच चुकीच्या माणसाला विचारला जातो. माफी सरकारने जाहीर केली, खाते शाखेने बंद केले. नोंद सरळ करण्याचे कामही त्या दोघांचेच आहे. गावातल्या अशा खातेदारांनी मिळून शाखेकडे अर्ज द्यावा आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील बँकांच्या जिल्हा सल्लागार समितीपुढे विषय न्यावा. तिथे बँकांना उत्तर द्यावे लागते, एजंटाला ते देणे भाग नसते.

बाकीच्यांनी क्रम सोपा ठेवावा. आधी अहवाल काढावा, मग प्रत्येक खात्यासमोर शाखेचे बेबाकी प्रमाणपत्र आहे का ते पाहावे. नसेल तर लेखी मागावे आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. कंपनीकडे तक्रार करून ३० दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. पत माहिती कंपन्या १ सप्टेंबर २०२२ पासून त्याच्या कक्षेत आहेत. तिथेही शुल्क नाही, आणि चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. अर्ज लिहून देणाऱ्याला त्या अर्जापुरते पैसे द्यायला हरकत नाही.