आजचं चिंतन : परतफेड न करू शकणारा माणूस



आज गीतेच्या सतराव्या अध्यायातला २० वा श्लोक. सात्त्विक दान कशाला म्हणायचं ते भगवंत इथे सांगतात. द्यायला हवं म्हणून द्यावं. जागा, वेळ आणि माणूस पाहून द्यावं. आणि घेणारा 'अनुपकारी' असावा, म्हणजे ज्याच्याकडून आपल्याला उलट काही मिळायचं नाही असा. देश, काळ, पात्र हे तीन शब्द आपल्या ओळखीचे आहेत. मी अडकते ती या चौथ्या शब्दापाशी. समजा, त्या माणसाला आपल्याला काहीतरी द्यायचंच असेल, तर? घ्यायचं की नाही?

हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही. २५ एप्रिल २०१५ ला नेपाळमध्ये मोठा भूकंप झाला. त्यानंतर पुण्यातल्या एका गटाबरोबर मी सिंधुपाल्चोक जिल्ह्यात गेले होते. (नेपाळला जायला पासपोर्ट लागत नाही, त्यामुळे माझ्या मामाच्या लेखी तो परदेश नव्हताच. "मग काय, बेळगावला जाऊन आल्यासारखंच की!") पावसाळा तोंडावर आला होता आणि डोंगरातली दगडमातीची घरं बसली होती. आमचं काम सोपं होतं : पत्रे वर वाहून न्यायचे आणि बांबूच्या सांगाड्यावर ठोकायला मदत करायची.

आमचा एक कडक नियम होता. गावकऱ्यांच्या घरचं काहीही खायचं नाही. नियम बरोबरच होता, आजही मी त्याच्या बाजूनं बोलेन. ढिगाऱ्याखालून काढलेलं धान्य पुरवून खाणाऱ्या गावात पंधरा धडधाकट पोरं-पोरी पंगतीला बसली, तर ती कसली सेवा?

पण एका आमाच्या (तिकडे आईला आमा म्हणतात) घरावर शेवटचा पत्रा बसला आणि तिनं भाजलेला मका आणि सोयाबीन, ज्याला ते मकै-भटमास म्हणतात, पितळीत घालून पुढं केलं. सगळ्यांनी हात जोडून नको म्हटलं. मी मूठभर घेतलं. त्यामागे कसलंही तत्त्वज्ञान नव्हतं, भूक लागली होती. एवढं मात्र आठवतं की तोपर्यंत आमच्यासमोर उभीच असलेली ती बाई त्यानंतर आमच्याशेजारी खाली बसली.

याचा अर्थ कळायला चार वर्षं आणि पंचगंगा लागली.

माझं घर कसबा बावड्यात, नदीच्या अंगाला. राजाराम बंधारा आमच्या गावचाच. ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे आमच्याकडची पोरं पाढ्यासारखं म्हणतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, आणि नदी दारात असून शहराच्या नळांना पाणी नाही! पूर ओसरल्यावर घरी आलो तर आत गुडघाभर चिखल आणि भिंतीवर खिडकीच्या वर पाण्याची रेघ.

मदत आली, भरभरून आली. लोक कुठून कुठून आले, त्यांचे उपकार बावडा विसरणार नाही. त्या ओघात जुन्या कपड्यांचे ढीगही आले. बटणं तुटलेले शर्ट, एका पायाचे मोजे. आमच्या गल्लीतल्या बायका ते ढीग उपसत होत्या आणि एकमेकींकडे बघत नव्हत्या. याच अध्यायाचा २२ वा श्लोक तामस दानाबद्दल आहे. त्यात अयोग्य जागा, अयोग्य वेळ, अयोग्य माणूस हे तर येतंच, पण आणखी एक गोष्ट येते : मान न राखता, तुच्छतेनं दिलेलं. ही तुच्छता देणाऱ्याला जाणवतेच असं नाही. घेणाऱ्याला ती गाठोडं सोडताक्षणी कळते.

एके दिवशी आठ-दहा तरुणांनी येऊन आमचं घर धुऊन काढलं. फार मनापासून काम केलं पोरांनी. आईनं शेजारून स्टोव्ह मागून आणून चहा टाकला. ती म्हणाली, "चहा घेऊन जावा की बाळांनो." एकजण अगदी अदबीनं म्हणाला, "नको काकू, आमचा नियम आहे. आम्ही द्यायला आलोय, घ्यायला नाही."

तोच नियम! आणि तेवढाच बरोबर.

ती पोरं गेल्यावर आईनं पातेल्यावर झाकण ठेवलं आणि पायरीवर बसून म्हणाली, "लोकांचं नुसतं घेतच बसायचं काय गं?"

दुपारी पाण्याचा टँकर घेऊन एक वयस्क ड्रायव्हर आले. आईनं विचारायच्या आत त्यांनीच विचारलं, "ताई, चहा मिळंल का वाईच?" दोन कप प्यायले. साखर कमी आहे म्हणाले! आई साखरेचा डबा वाहून गेल्याची गोष्ट सांगायला लागली, मग म्हशीची, मग लग्नातल्या पैठणीची. आठ दिवसांत ती पहिल्यांदा इतकं बोलत होती.

सुदाम्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो आणि सोन्याच्या नगरीपाशी येऊन थांबतो. पण त्याआधी काय घडलं ते बघा. सुदामा पुरचुंडी लपवतोय आणि द्वारकेचा राजा ती हिसकावून घेतोय. देवाला पोह्यांची काय कमी? दुर्योधनाचं पक्वान्न सोडून विदुराघरच्या कण्या खाणाराही तोच. म्हणून मला वाटतं, 'अनुपकारी' हे घेणाऱ्याचं वर्णन कमी आणि देणाऱ्याला घातलेलं पथ्य जास्त आहे. मनात हिशेब धरायचा नाही, एवढंच. समोरच्याला मूठभर पोहे द्यायची चोरी करा, असं तो श्लोक कुठं म्हणतो?

तुमच्यापैकी काहीजण सुट्टी काढून परदेशात सेवेला जाता, कुणी शिकवायला, कुणी दवाखान्यात. परत आल्यावर सगळे विचारतात, "काय शिकलास?" मला त्या प्रश्नाची जरा भीती वाटते. शिकवण गोळा करून आणणं हीसुद्धा परतफेडच आहे, आणि ती आपण त्या लोकांना न विचारता घेतो. त्यापेक्षा मूठभर मका बरा, तो निदान त्यांनी आपल्या हातानं दिलेला असतो.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ मध्ये काँग्रेसनं चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांपैकी ते एक. तिकडे असताना घरून वडील गेल्याची बातमी आली, तरी ते कामावर राहिले. चिनी भाषा शिकले, तिथल्याच गुओ चिंगलान यांच्याशी लग्न केलं. मुलाचं नाव यिनहुआ ठेवलं, म्हणजे भारत आणि चीन एकत्र. बाकीचे चौघे परतले. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या ३२ व्या वर्षी, तिथेच गेले. आपल्या कोल्हापूरच्या व्ही. शांतारामांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला आणि कोटणीसांची भूमिकाही स्वतःच केली. चित्रपटात त्याग दिसतो, तो खराच आहे. मला मात्र त्यांचं घेणं मोठं वाटतं. भाषा घेतली, घर घेतलं, नातं घेतलं. कोणी कोणाला किती दिलं, याची वही मांडायची तर कुठून सुरू करणार?

तरीही आमच्या गटाचा तो नियम मी मोडीत काढणार नाही. पंधराजणांनी पंगतीला बसू नये, हे खरंच. पण पितळी पुढं आली तर मूठभर घ्यावं, खाली बसून खावं, आणि साखर कमी असेल तर तसं सांगावं.

उद्या श्लोक २१, राजस दान. येताना आपापल्या घरच्या लग्नातली आहेराची वही आठवून या, तिच्यापासूनच सुरुवात करू.

राम कृष्ण हरी.