चुकायला जागा

आम्ही सॉफ्टवेअरवाले 'अवतार' हा शब्द इतक्या सहज वापरतो, की तो आपल्याच घरातून बाहेर गेला आहे हे विसरायला होतं. १९८६च्या सुमारास चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर यांनी लुकासफिल्मसाठी 'हॅबिटॅट' नावाचं एक आभासी गाव उभं केलं. घरच्या संगणकावरून टेलिफोनच्या तारेनं त्या गावात जायचं. तिथे आपल्या वतीनं चालणारं-बोलणारं जे चित्र असे, त्याला त्यांनी अवतार म्हटलं. १९९२ साली नील स्टीफनसनच्या 'स्नो क्रॅश' या कादंबरीनं तो शब्द जगभर पोचवला. २००३मध्ये 'सेकंड लाइफ' आलं आणि लाखो लोकांनी स्वतःचे अवतार घडवले.

संस्कृतात अवतरणं म्हणजे खाली उतरणं. देव अवतार घेतो तेव्हा तो काहीतरी गमावून येतो. रामाला वनवास चुकत नाही, कृष्णाला पारध्याचा बाण लागतो. देह घेतला की देहाचे भोग आले. आमच्या अवताराचं नेमकं उलटं आहे. पाठदुखी, रंग, वय, आडनाव, गेल्या परीक्षेचे गुण हे सगळं खाली ठेवून आपण वर चढतो. या उलट्या प्रवासाचा शिकण्याशी काय संबंध आहे, हा माझा प्रश्न आहे. तो मला पुस्तकातून पडलेला नाही, रोजच्या कामातून पडला आहे.

मी ज्या टीममध्ये काम करते, ती कारखान्यांसाठी व्हीआर प्रशिक्षण बनवते. कामगार डोळ्यांवर हेडसेट चढवतो आणि एका आभासी गोदामात उभा राहतो. तिथे तो फोर्कलिफ्ट चालवायला शिकतो. त्याला दिसतात फक्त हातमोजे घातलेले दोन हात, आणि आरशात पाहिलं तर हेल्मेट घातलेली, चेहरा नसलेली एक आकृती. वर्गात पोरासोरांसमोर तोंड न उघडणारे चाळिशीतले ऑपरेटर तिथे काय करतात, हे पाहण्यासारखं असतं. ते मुद्दाम चुकतात. क्षमतेपेक्षा जास्त माल उचलतात, वळणावर वेग वाढवतात, गाडी उलटवतात. मग पुन्हा सुरू करून पुन्हा उलटवतात. गाडी कुठवर सांभाळते आणि कुठे सांभाळत नाही, हे त्यांना त्यातून कळतं. खऱ्या गाडीवर ते कळून घ्यायची सोय नसते.

काही महिन्यांपूर्वी एका ग्राहकाकडून मागणी आली: प्रत्येक कामगाराच्या नावापुढे त्याच्या चुकांची संख्या डॅशबोर्डवर दिसली पाहिजे. मागणी तांत्रिकदृष्ट्या किरकोळ होती. माहिती आमच्याकडे होतीच, फक्त एक रकाना वाढवायचा होता. मला तेव्हापासून तो रकाना छळतो आहे.

मुखवटा माणसाला बदलतो, याबद्दल फारशी शंका उरलेली नाही. निक यी आणि जेरेमी बेलेन्सन या संशोधकांनी २००७ साली याला 'प्रोटियस परिणाम' असं नाव दिलं. उंच अवतार मिळालेली माणसं पैशांच्या वाटाघाटीत जास्त ताठ राहिली. देखणा अवतार मिळालेली माणसं समोरच्याच्या जास्त जवळ जाऊन उभी राहिली आणि स्वतःबद्दल जास्त मोकळेपणानं बोलली. म्हणजे कपडे घालणारा कपड्यांप्रमाणे वागू लागतो. २०११च्या ऑगस्टमध्ये रामलीला मैदानावर 'मैं अन्ना हूँ' लिहिलेल्या टोप्या घातलेली गर्दी साऱ्या देशानं पाहिली. टोपी घातल्यावर अंगात आलेलं धैर्य खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पण टोपी काढल्यावर त्यातलं किती अंगात उरलं, हा प्रश्न ज्यानं त्यानं स्वतःला विचारायचा आहे. शिकण्याची कसोटीही तीच असते: अवतार उतरवल्यावर काय उरतं?

'सेकंड लाइफ'मध्ये अनेक विद्यापीठांनी जागा घेतल्या आणि वर्ग भरवले. गंमत अशी, की जिथे अवतारांना उडता येत होतं, तिथेही कित्येक वर्गांत फळा होता, खुर्च्यांच्या रांगा होत्या आणि उडणारे अवतार त्यांत निमूट बसले होते. जागा नवी होती, शिकवणारा आणि शिकणारा यांच्यातला करार मात्र जुनाच होता. मला वाटतं, ग्यानबाची मेख इथेच आहे. विद्यार्थी मोकळा होतो तो चेहरा झाकल्यामुळे नव्हे. त्याच्या चुकीचं पुढे काय केलं जाणार, यावर ते ठरतं.

देहावाचून शिकणं आपल्याकडे नवं नाही. माझं गाव राळेगणसिद्धी. शेजारच्या पिंपळनेरच्या संत निळोबारायांनी तुकारामांना गुरू मानलं, पण परंपरा सांगते की तुकाराम गेल्यानंतर त्यांना तुकोबांचं दर्शन आणि अनुग्रह मिळाला. खुद्द तुकोबांना बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात उपदेश केला, आणि बहिणाबाईंना तुकोबांनी. गुरू समोर देहानं हजर असलाच पाहिजे असा वारकऱ्यांचा आग्रह कधीच नव्हता.

आणि अवतारांची खरी शाळा पाहायची असेल तर एकनाथांची भारुडं पाहावीत. पैठणचा हा पंडित कधी जोशी होतो, कधी गोंधळी, कधी आंधळा, कधी मुका, तर कधी विंचू चावलेला माणूस. जोहार घालणारा महारसुद्धा होतो. प्रत्येक सोंग ऐकणाऱ्याला काहीतरी शिकवून जातं. पण सोंग कितीही रंगलं तरी शेवटी 'एका जनार्दनी' ही नाममुद्रा येते. हे बोलणं कुणाचं, याचा जाब कुणाला विचारायचा, हे लपवलेलं नाही. रूप दुसऱ्याचं, जबाबदारी स्वतःची.

त्या सोंगालाही मर्यादा होती, आणि ती सांगितली पाहिजे. नाथांना जोहार घालून झाल्यावर घरी जाता येत होतं. त्यांच्या आधी दोनशे वर्षं चोखामेळ्याला ते सोंग उतरवायची सोयच नव्हती. ते सोंग नव्हतंच. इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात लिसा नाकामुरा यांनी दुसऱ्या वंशाचं रूप घेऊन हिंडणाऱ्या खेळाडूंबद्दल लिहिताना 'ओळखीचं पर्यटन' असा शब्दप्रयोग केला होता. परतीचं तिकीट खिशात असलेला माणूस दुसऱ्याच्या जगण्याबद्दल काहीतरी शिकतो, पण सगळं शिकत नाही. हेडसेट लावून दहा मिनिटं व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाला अपंगत्व समजलं, असं आमच्या क्षेत्रात कुणी म्हणालं की मला चोखोबा आठवतात.

आता गावातल्या शाळेकडे येते. राळेगण म्हटलं की लोकांना पाणलोट, दारूबंदी आणि अण्णा हजारे आठवतात. आमची शाळा त्यामानानं कमी लोकांना ठाऊक आहे. निळोबारायांच्याच नावानं चालणाऱ्या या विद्यालयानं इतर शाळांत नापास झालेल्या, कुणी दारात उभं करत नाही अशा मुलांना प्राधान्यानं प्रवेश दिला. मी गावातली म्हणून त्या वर्गांत बसले. माझ्या शेजारी लांबलांबच्या तालुक्यांतून आलेली मुलं असत. ती नापास आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. ती त्याचमुळे तर आली होती! त्यांनी चेहरा झाकला नव्हता, नाव बदललं नव्हतं. तरी ती मोकळी होती. जी गोष्ट लपवायची म्हणून बाहेर जीव घाबरा होई, ती इथे प्रवेशाची पात्रता होती. अवतार जे काम मुखवट्यानं करतो, ते इथे भोवतालच्या माणसांनी केलं.

पण चेहरे ओळखणाऱ्या गावाची दुसरी बाजूही याच गावात आहे. दारू पिणाऱ्यांना देवळाजवळच्या खांबाला बांधून मारलं जाई; अण्णांनी स्वतःही ते नाकारलेलं नाही. दारू थांबली, हे खरं. चार लोकांसमोर बांधला गेलेला माणूस पुढे आयुष्यभर त्याच चार लोकांत जगला, हेही खरं. ज्या गावानं मुलांची चूक पुसली, त्यानंच मोठ्यांची चूक खांबावर टांगली. म्हणून 'आभासी जग सोडा, खऱ्या माणसांत या' असा उपदेश मला करवत नाही. खरी माणसं दोन्ही करतात.

या सगळ्यातून मी एका साध्या नियमापाशी येते. शिकतानाची चूक निनावी असावी आणि बोलणं सहीचं असावं. आज आपण बरोबर याच्या उलट जग बांधलं आहे. वाटेल ते बोलणारा, शिव्या देणारा, अफवा पसरवणारा चेहऱ्याशिवाय हिंडतो. आणि सातवीतलं पोर अ‍ॅपवर गणित चुकलं तर ते त्याच्या नावानिशी, वेळेनिशी, कुठल्यातरी सर्व्हरवर जपून ठेवलं जातं. आभासी वर्गातला मुखवटा एकाच बाजूनं झाकतो. शेजारच्याला तुम्ही दिसत नाही, पण मालकाला पूर्ण दिसता. आणि आपण कुणालाच दिसत नाही असं समजणारा माणूस जास्त मोकळेपणानं चुकतो, म्हणजे जास्त पुरावे देतो. त्याला हेडसेट देऊन आम्ही मोकळं केलं, की बोलतं केलं?

सही म्हणजे आधार कार्डावरचं नाव असं मात्र मी म्हणत नाही. कितीतरी मुली गेममध्ये पुरुषी नावानं खेळतात, कारण बाईचा आवाज ऐकू आला की काय सुरू होतं हे त्यांना ठाऊक असतं. आडनाव लपवून लिहिणाऱ्यांनाही त्यांची कारणं आहेत. नाममुद्रेचं मोठेपण असं की ती सरकारी ओळख नसते, पण कायम असते. 'निळा' या नावाखाली जे म्हटलं, ते पुढच्या अभंगात नाकारता येत नाही. टोपणनाव चालेल, ते रोज बदलू नये, एवढंच.

यावर रास्त आक्षेप आहे. फोर्कलिफ्ट हा खेळ नाही. ज्याच्या हातून गाडी वारंवार उलटते त्याला गोदामात सोडलं, तर उद्या कुणाचा तरी पाय जाईल. ते मालकाला कळायला नको? कळायला हवं, पण परीक्षेतून. सराव आणि परीक्षा यांच्यात भिंत हवी, आणि ती कुठे आहे हे शिकणाऱ्याला आधी सांगितलेलं हवं. परीक्षेला नाव, सरावाला फक्त क्रमांक, आणि सत्र संपलं की तोही पुसायचा. कुठल्या वळणावर सगळेच अडखळतात हे शोधायला नावं लागत नाहीत. मी हेच लिहून दिलं. भिंत मान्य झाली, पुसणं झालं नाही. सरावाची नोंद नव्वद दिवस ठेवायची असं ठरलं. 'कधी लागली तर,' असं कारण मिळालं. कशाला लागेल, हे कुणी सांगितलं नाही.

नव्वद दिवसांचा तो आकडा आता कोडमध्ये एका ओळीत आहे. सरावाला बसणाऱ्याला हेडसेट चढवण्याआधी तो मराठीत, ठळक अक्षरांत दिसावा, एवढं मी करून घेतलं. पहिल्या आठवड्यात एका ऑपरेटरनं ते वाचलं, हेडसेट हातात तसाच धरला आणि विचारलं, "म्हणजे ताई, आज उलटवू का नको?" त्याला खरं उत्तर देता येईल असं सॉफ्टवेअर आम्ही अजून बनवलेलं नाही.