संशयाचा दिवा

साठी जवळ आल्यावर आमच्या मेव्हण्यांना स्पोर्ट्‌स कारचा शौक जडला. ते इंग्लंडात, लेस्टरला असतात. गाडी १९६४ सालची एमजीबी. ॲबिंग्डनच्या कारखान्यातली, लालभडक, दोघांपुरती. "दोघं म्हणजे हे आणि ह्यांचा पान्यांचा डबा," असं ताई म्हणते.

ताईनं तिकीट पाठवलं म्हणून मी गेलो, तर त्याच आठवड्यात गाडीनं मौन धरलं. स्टार्टर फिरे, पण इंजिन पेटेना. बॅटरीच्या बारा व्होल्टांचे हजारो व्होल्ट करून ठिणगी पुरवणारी इग्निशन कॉइल मेव्हण्यांनी तडकाफडकी बदलली. मग प्लग, मग प्लगच्या वायरी. जुने भाग खोक्यात जमत गेले.

"भाऊजी, ह्यांचा गुन्हा काय?"

"संशय!"

शेवटी शेजारचे म्हातारे गृहस्थ आले. त्यांची सारी हयात गॅरेजात गेलेली. त्यांच्या खिशात दोन वायरी जोडलेला एक छोटा दिवा. एक वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्यूटरकडच्या टोकाला, दुसरी गाडीच्या सांगाड्याला. इंजिन फिरवलं की दिव्यानं लुकलुकायचं : पॉइंट उघडले की लागायचं, मिटले की विझायचं. हा आपला लागला तो लागलाच. म्हणजे कॉइलपर्यंत, आणि तिच्यातूनही, वीज सुखरूप येत होती. पुढं सांगाड्याकडं जायची वाट बंद होती. पॉइंट तर स्वच्छ. अखेर सापडली ती डिस्ट्रिब्यूटरमधली बोटभर अर्थिंगची वायर. वरून धडधाकट, आवरणाच्या आत तुटलेली. तिच्याकडं कुणी बघितलंच नव्हतं.

मला एकदम आमची शाखा आठवली. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संध्याकाळी कॅशमध्ये ४५० रुपये कमी भरले. मी नव्या कॅशियरकडं नुसतं बघितलं. बोललो काही नाही. पण मी बघितलं म्हणून सगळे बघायला लागले. पोरानं खिसे उलटे करून दाखवले. रात्री साडेनऊला माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फरकाला नऊनं भाग गेला की आकडे उलटेपालटे झाल्याचं बघावं, हे कॉमर्सला शिकवतात. निघालंही तेच. पंधराशेच्या पेमेंटपुढं १,०५० लिहिलेले. अक्षर माझं!

आता प्रश्न असा, की संशय घेणं वाईटच का? तो त्या दिव्यानंही घेतलाच की! पण त्यानं आधी तपासलं, मग ठरवलं. आणि तपासताना कुणाला खोक्यात टाकलं नाही. आपण संशय घेतो तो हाताशी असेल त्याचा, नवा असेल त्याचा, उलटून बोलणार नाही त्याचा. स्वतःची वायर आपल्याला कायम धडधाकटच दिसते.

मेव्हण्यांनी जुनी कॉइल पुन्हा जागेवर बसवली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. कॉइलचं बरं असतं. निर्दोष ठरली की चार स्क्रूंत काम भागतं.

तो कॅशियर पुढं परीक्षा देऊन मॅनेजर झाला. मी क्लार्कच राहिलो. त्याच्या शाखेत कधी गेलो की उठून खुर्ची देतो, चहा मागवतो. मी चहा पितो, हवापाण्याच्या गप्पा मारतो आणि परत येतो. माफी मागायची दर वेळी राहून जाते. हिशेब त्याच रात्री जुळला होता. पण माझ्याकडचे ते ४५० अजून टॅली होत नाहीत.